तिप्पण्णांची दुपार

बसवकल्याणच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पंचशीलाला सगळे फोटोवाली म्हणतात. खरं तर तिनं उमेदीची वर्षं फोटो काढण्यात घालवलीच नाहीत, ती गेली फोटो रंगवण्यात. लग्न होऊन कमठाण्याहून ती इथं आली तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा नागेश उमरग्याच्या गाडीवर कंडक्टर. पहाटे गेला की संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात बसून भिंती तरी किती बघणार? गल्लीच्या तोंडाला ईरण्णांचा फोटो स्टुडिओ होता. एक दिवस ती तिथं गेली आणि काही काम मिळेल का म्हणून विचारलं.

ईरण्णा कपाळाला विभूती लावणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिच्यापुढं एका नवरीचा काळा-पांढरा फोटो ठेवला. शेजारी ओल्या कापसानं रंग सुटणाऱ्या कागदांची एक इवलीशी वही, पाण्याची वाटी आणि काडीला गुंडाळलेला कापूस.

"हिच्या लुगड्याला रंग दे," ते म्हणाले.

"कुठला देऊ, अण्णा?"

"मला कामून इचारायलीस? तिच्याकडं बघ."

पंचशीला बघत राहिली. नवरीनं दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. ओठ हसत होते, पण हसू गालांपर्यंत पोचलं नव्हतं. सगळेच नवरीला लालभडक नाहीतर हिरवागार रंग देतात, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिनं पिकायला लागलेल्या बोराचा रंग दिला, अर्धवट तांबूस, अर्धवट हिरवट, आणि पदराच्या सावलीत थोडा राखाडी.

ईरण्णांनी फोटो दाराच्या उजेडात नेऊन पाहिला. "पोरीला भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "फोटो मीच काढला, पण मला ते आत्ता दिसलं." मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून ये."

अशी दहा-अकरा वर्षं गेली. माणसाचं तोंड बदलायचं नाही, रेघ हलवायची नाही, फक्त रंग द्यायचा, आणि तेवढ्यानं माणूस हसरा होतो, थकलेला होतो, कुणाची तरी वाट बघत असलेला होतो, याचं तिला रोज नवल वाटायचं. मग रंगीत फोटोंचे दिवस आले आणि तिचं काम संपलं. पुढं मोबाइल आले आणि स्टुडिओही बंद झाला. ईरण्णा शटर ओढून वरच्या मजल्यावर राहायला गेले. पंचशीलानं ब्रश कपाटात ठेवून दिले आणि साड्यांना फॉल लावायला घेतले.

तिची मुलगी प्रेरणा कलबुर्गीला दवाखान्यात नर्स झाली. पहिल्या दिवाळीला तिनं आईला मोबाइल आणून दिला. त्यावर फोटो काढायचे असतात हे पंचशीलाला माहीत होतं, पण कशाचे काढायचे ते सुचत नव्हतं. एक दिवस ती दळण घेऊन निघाली. रस्ता रुंद करायचा म्हणून बाजारातली काही घरं मधोमध कापली होती. पाडलेल्या घराच्या खोल्या शेजारच्या भिंतीवर नुसत्या रंगांनी उरल्या होत्या. इथं कुणाची तरी निळी खोली, तिथं गुलाबी, आणि खाली एका स्वयंपाकघराचा हिरवा, ज्याच्यावर चुलीची काजळी वर चढत चढत विरून गेली होती. चाळीस-पन्नास वर्षांच्या भाकऱ्यांचा धूर होता तो. पंचशीलानं दळणाचा डबा रस्त्यातच खाली ठेवला. ती भिंतीच्या इतकी जवळ गेली की मोबाइलमध्ये भिंत उरलीच नाही, नुसता काळ्यातून उगवणारा हिरवा राहिला.

तिनं तो फोटो प्रेरणाला पाठवला. प्रेरणाचा लगेच फोन. "आई, हे काय हाय?"

"सकाळ हाय. एका बाईची. समदे जेवून गेल्यावरची."

पलीकडं तिनं फोटो पुन्हा उघडून पाहिला. मग प्रेरणा म्हणाली, "व्हय की गं."

त्यानंतर पंचशीलाला आवरणं कठीण झालं. गंजलेले पत्रे, गॅरेजपुढच्या डबक्यात तरंगणारं तेल, भीमजयंतीचे पाऊस खाल्लेले निळे झेंडे, जे काही दिसेल ते ती जवळून बघायची. मग फोटोही पुरेनात. कपाटातले ब्रश निघाले, शाळेपुढच्या दुकानातून रंग आले. ती पुठ्ठ्यावर, हार्डबोर्डवर रंगवू लागली. त्यात माणूस नसायचा, झाड नसायचं, घर नसायचं. नुसता रंग, आणि त्या रंगातून येणारा थकवा, नाहीतर आनंद, नाहीतर कुणी घरात नसल्याची शांतता. नागेश आता रिटायर झाला होता. तो प्रत्येक चित्र नीट बघायचा आणि म्हणायचा, "लई भारी झालंय. पण काय हाय ते सांगून ठेव, कुणी इचारलं तर."

ईरण्णांना मात्र ते पटलं नव्हतं. पंच्याऐंशी वर्षांचे झाले तरी काठी टेकत येऊन बघून जायचे. "तोंड कुठंय ह्यात?" एवढंच विचारायचे आणि मान हलवत परत जायचे. तरीही एके वर्षी जानेवारीत त्यांनीच सिद्धव्वांना तिच्याकडं पाठवलं.

सिद्धव्वा मूळच्या अफजलपूर तालुक्यातल्या करजगीच्या. वय पंचाहत्तरच्या पुढं. आता मुलीकडं, श्रीदेवीकडं, बसवकल्याणलाच राहत होत्या. ईरण्णांच्या बंद स्टुडिओची जुनी पाटी पाहून जिना चढून गेल्या होत्या. पंचशीलाच्या दारात येऊन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढला.

"हे नीट करून देतीस का, माय? आमचे मालक हायत ह्यात."

पंचशीलानं फोटो हातात घेतला. पाच वर्षांपूर्वी भीमेला मोठा पूर आला तेव्हा सिद्धव्वांच्या करजगीच्या घरात पाणी शिरलं होतं. ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. ओळखपत्र, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झाला आणि नवऱ्याचा होता तो एकुलता एक फोटो असा झाला. कोपऱ्यात एक पाऊल आणि खुर्चीचा पाय तेवढा शिल्लक होता. बाकी सगळा रंग सुटून वाहिला होता. जिथं माणूस असायला हवा तिथं पेटल्यासारखा पिवळा, त्यात शिरलेला गुलाबी, आणि कडेनं ओहळांसारख्या जांभळ्या रेघा.

फोटो फार सुंदर दिसत होता. हे मनात आलं आणि पंचशीलाला स्वतःचीच लाज वाटली. एका बाईचा नवरा पुसला गेलाय आणि आपण रंग बघायलोय!

"दुसरा फोटो न्हाई का, अव्वा? कुणाच्या लग्नातला, कुठला?"

"न्हाई. ते रानातनं यायचेच न्हाईत कुठं." सिद्धव्वांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. एका दुकानात त्यांना कंप्युटरवर चेहरा तयार करून दिला होता. गोरापान, भरघोस मिशांचा, सिनेमातल्या पाटलासारखा माणूस. "ह्यो कोन हाय मला ठावं न्हाई," सिद्धव्वा म्हणाल्या. "परका बाप्या घरात टांगू व्हय?"

दोघी हसल्या. हसता हसता सिद्धव्वांचे डोळे भरून आले.

"खरं सांगू, माय? जाऊन अठरा वर्सं झाली. आता त्यांचं तोंड मलाच आठवंना. रोज बसून आठवायलेय. आवाज येतोय कानात. तोंड येईना."

पंचशीलानं पेन्सिल घेतली. नाक कसं होतं, कपाळ केवढं होतं, ती विचारत गेली. सिद्धव्वा सांगत गेल्या, "नाक नाकासारखंच की." तीन दिवसांत सहा चेहरे काढून झाले. प्रत्येक चेहऱ्याकडं बघून म्हातारी न्हाई म्हणायची आणि प्रत्येक नकारानं आणखी खचायची. चौथ्या दिवशी पंचशीलानं पेन्सिल खाली ठेवली.

"अव्वा, तोंड ऱ्हाऊ दे. ते कवा चांगले दिसायचे तुला?"

सिद्धव्वांनी पदरानं तोंड पुसलं. "दुपारी," त्या म्हणाल्या. "भाकरी घेऊन जायची मी. ज्वारीच्या कडंनं करडई असायची, जनावर आत येऊ नये म्हणून. बांधावर उभं राहून हाक मारायची. ते पार तिकडं असायचे."

"करडई म्हंजे पिवळं?"

"उमलताना पिवळं. मी जायची तवा सुकायला लागायचं. तवा जे व्हतंय ते. लाल न्हाई, केशरी न्हाई. इस्तवावर राख बसल्यासारखं."

"आन खाली काळं रान."

"काळं म्हणू नको." सिद्धव्वा ताठ बसल्या. "समदे काळं म्हणतेत. नांगरलं का त्याच्या पोटात जांभळं असतंय. वाळलं का वर निळी झाक येती. आन दुपारच्या उन्हात त्यातलं काहीच ऱ्हात न्हाई, समदं फिक्कं. डोळं बारीक केल्याबिगर दिसंना."

पंचशीला थक्क झाली. चाळीस वर्षं ती रंगांशी खेळत होती, पण असं बोलताना तिनं कुणाला ऐकलं नव्हतं. ही बाई कधी शाळेत गेली नव्हती, ब्रश कधी हातात धरला नव्हता, आणि एका शेताचा रंग तिनं तासातासानं जपून ठेवला होता. चेहरा गेला होता, पण त्याच्याभोवतीचं सगळं जागच्या जागी होतं.

"मला दाव ते रान," पंचशीला म्हणाली.

फेब्रुवारीत दोघी पहिल्या गाडीनं निघाल्या. कलबुर्गीला गाडी बदलली, अफजलपूरला पुन्हा बदलली. करजगीला उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. रान आता सिद्धव्वांचा पुतण्या कसत होता. ज्वारीची कणसं पोटऱ्यांतून बाहेर येऊन दाण्यावर होती आणि कडेनं करडईचे पट्टे होते, काटेरी, अर्धे फुललेले, अर्धे सुकत आलेले. अगदी सिद्धव्वांनी सांगितल्यासारखे. इस्तवावर राख.

पंचशीलानं मोबाइल काढला. वारा सुटला होता, त्यामुळं फुलं एका जागी थांबत नव्हती. फोटोत केशरी रेघा उमटत होत्या, मातीवर धुळीची झाक पसरल्यासारखी दिसत होती. तिनं ते तसंच येऊ दिलं. ढेकळं हातात घेऊन फोडली. आत खरोखर जांभळं होतं. जन्मभर काळ्या रानातून ये-जा केलेली ती, ते जांभळं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

मान वर केली तर सिद्धव्वा बांधावर जाऊन उभ्या होत्या. कपाळावर आडवा तळहात धरून लांब कुठंतरी बघत होत्या. पंचशीलानं त्यांचा फोटो काढला नाही. ती हळूच त्यांच्या मागं गेली आणि त्या जिकडं बघत होत्या तिकडचा काढला. तिथं काहीच नव्हतं. उन्हानं फिक्की झालेली ज्वारी आणि वर आभाळ.

घरी येऊन तिनं तीन फुटांचा हार्डबोर्ड घेतला. पहिलं चित्र आठ दिवसांत झालं, आणि ते बघून तिला वाईट वाटलं. रंग बरोबर होते, फोटोंशी जुळत होते, पण कॅलेंडरसारखं गोड झालं होतं. त्यात कुणी कुणाला हाक मारलेली नव्हती. तिनं त्यावर सगळीकडून पांढरा फिरवला. मोबाइल उचलून नागेशकडं दिला आणि म्हणाली, "मागितला तरी देऊ नको."

मग ती डोळे मिटून बांधावर उभी राहिली, मनातल्या मनात. डोक्यावर टोपलं, पायाखाली तापलेलं ढेकूळ, पोटात थोडी भूक. तिथून रंगवायला लागली. आधी जांभळा, त्यावर काळा, काळा सुकायच्या आत खरवडलेला. करडईचा तो रंग कोरड्या ब्रशनं, ओढल्यासारखा. आणि शेवटी ऊन. पाण्यात विरघळवलेला पांढरा तिनं सगळ्यावरून असा उतरवला की खालचे रंग डोळे बारीक केल्याशिवाय दिसू नयेत. डाव्या बाजूला, जरा वर, तिचा हात आपोआप थांबला आणि तिथं राखेसारख्या पांढऱ्याचा एक लहानसा डाग पडला. कडा भेगाळलेल्या. कशासाठी ते तिचं तिलाही कळलं नाही. पुसायला फडकं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

ईरण्णा बघायला आले. या वेळी तोंड कुठंय असं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून बराच वेळ बसले.

"आपण फोटो रंगवायचो तवा माणूस आधी असायचा," ते म्हणाले. "रंग मागनं जायचा. तू रंग आधी टाकलीस. आता माणूस यायचा का न्हाई, कुणाला ठावं?"

तेच भय पंचशीलालाही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आणि नागेशनं चित्र चादरीत गुंडाळून श्रीदेवीच्या घरी नेलं. दारातून उजेड येत होता, त्याच्यासमोर खुर्चीवर ठेवलं आणि चादर काढली.

श्रीदेवीनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. भिडस्त बाई ती. हळूच म्हणाली, "अक्का, रंग लई चांगले हायत. पण ह्यात अप्पा तर न्हाईत."

सिद्धव्वा चित्राजवळ गेल्या, बोट लावावंसं वाटलं पण लावलं नाही. मग मागं सरकल्या. आणखी मागं. सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या आणि त्यांचा तळहात आपोआप कपाळावर आडवा गेला.

"जेवायला या की," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता, मोठा होता, रानात पोचेल असा. "किती येळ झाला. भाकरी वाळायलीय."

नागेशनं मागं वळून पाहिलं, कुणी आलंय का म्हणून.

"पाठ हाय त्यांची," सिद्धव्वा म्हणाल्या. बोट त्या डाव्या बाजूच्या डागाकडं होतं. "ऐकू गेलंय. वळायलेत बघ."

आणि त्या उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या. श्रीदेवी धावली, पण म्हातारी हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "डाव्या भुवईत खांड व्हती त्यांच्या! कशी इसरले मी? डाव्या भुवईत!"

"बैलाचं शिंग लागल्तं," श्रीदेवी एकदम म्हणाली, आणि तिलाही रडू फुटलं. "मी ल्हान व्हते. अप्पा म्हणायचे, हितनं पाऊस आत जातोय."

पंचशीलानं घाईघाईनं पिशवीतली पेन्सिल काढली. "सांग, अव्वा. आता सांग, मी काढते. हनुवटी कशी व्हती?"

सिद्धव्वांनी तिचा हात धरून खाली केला.

"नको, माय. आता आलंय ते हितंच ऱ्हाऊ दे," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "कागदावर गेलं का पुन्हा पाणी येतंय."

पंचशीलानं वळून चित्राकडं पाहिलं. डोळे बारीक केले, उंबऱ्यापर्यंत मागं गेली. तिला तो पांढरा डागच दिसत होता, भेगाळलेल्या कडांचा, तिच्या हातून पडलेला. माणूस तिला दिसला नाही. पण उंबऱ्यावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत तो वळताना तिनं पाहिला होता, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. आपल्या हातांकडं तिनं असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाकडून मागून आणले होते.

चित्र भिंतीवर लावताना श्रीदेवी हार आणू का म्हणाली, तर सिद्धव्वांनी तिला गप्प केलं. रानात काम करत असलेल्या माणसाला हार कशाला? मग पंचशीलाला म्हणाल्या, "मागं नाव लिही त्यांचं." पंचशीलानं मागच्या बाजूला कानडीत आणि मराठीत तिप्पण्णा असं लिहिलं. "आन तुझंबी," सिद्धव्वा म्हणाल्या. आपल्या कुठल्याही चित्रावर पंचशीलानं आजवर नाव घातलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा घातलं, बारीक अक्षरात.

श्रीदेवीनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी होती, तुरीचं वरण होतं. सगळे ओळीनं बसले. सिद्धव्वांनी आपलं ताट उचललं, बाकीच्यांच्या ओळीतून काढलं आणि चित्रासमोर मांडून बसल्या. पहिला घास हातात घेऊन त्या जरा थांबल्या, आणि मग सावकाश जेवू लागल्या.